वेबमेल उघडतं, पण ऑफिसच्या आउटलुकमध्ये मेल येत नाही (विंडोज ७)

गाळेवाली · शुक्रवार, सकाळी ११:१०

नमस्कार. वागळे इस्टेटमध्ये आमचा रबर गॅस्केटचा छोटा गाळा आहे. भाऊ मशीनवर, मी ऑफिसात. बिलं, चलनं, जीएसटी, पार्ट्यांचे फोन आणि मेल सगळं माझ्याकडे. आज शुक्रवार, गाळा बंद, म्हणून घरी बसून निवांत लिहिते आहे. निवांत म्हणजे डोकं फिरलेलंच आहे, पण हातात चहा आहे.

बुधवारी सकाळपासून ऑफिसच्या आउटलुकमध्ये मेल यायचं बंद झालं. ‘सेंड/रिसीव्ह’ दाबलं की पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबते आणि लाल खूण येते. खाली इंग्रजीत जे लिहून येतं त्याचा अर्थ असा, की तुम्ही निवडलेलं एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करून पाठवायची पद्धत) तुमच्या सर्व्हरला चालत नाही. मी काहीही निवडलेलं नाही हो! अकरा वर्षं त्या सेटिंगला कुणी हात लावलेला नाही.

गंमत म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर क्रोममध्ये वेबमेल उघडलं की सगळं छान दिसतं. नवे मेल आलेले असतात, पाठवताही येतात. म्हणजे नेट चालू, पासवर्ड बरोबर. मग आउटलुकलाच काय धाड भरली?

पुढे मी जे केलं ते खरं खरं सांगते, रागावू नका. कुठेतरी वाचून पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) ९९५ चं ११० केलं आणि एन्क्रिप्शनच्या जागी ‘नन’ ठेवलं. लाल खूण गेली, पण पासवर्डची चौकट यायला लागली. टाकला की परत चौकट. वीसेक वेळा तरी टाकला असेल. शेवटी काल गुरुवारी संध्याकाळी सहाला, निघता निघता, वेबमेलमध्ये जाऊन पासवर्डच बदलून टाकला. नवीन टाकला तरी चौकट हटेना. तशीच शटर ओढून घरी आले.

यात व्हायचं ते नुकसान झालंच. रबाळ्याच्या एका पार्टीनं बुधवारी दुपारी सुधारित ड्रॉइंग पाठवलं होतं, आतला व्यास ४४ ऐवजी ४२ मिमी. ते वेबमेलमध्ये पडून राहिलं, मी पाहिलं गुरुवारी जेवणानंतर. तोवर ३ मिमी नायट्रिल रबराच्या शीटचे ४०० नग ४४ नं कापून झाले होते. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. भाऊ काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हाच जास्त लागतं.

अजून एक शंका. वेबमेलमध्ये मला गेल्या पंधराएक दिवसांचेच मेल दिसतात आणि आउटलुकमधून पाठवलेला तर एकही दिसत नाही. हे आधीपासून असंच होतं की आता उडाले?

कॉम्प्युटर विंडोज ७, आउटलुक २०१०. डोमेन (मेल आयडीत ॲटच्या पुढचं नाव) जिथून घेतलं तिथलंच होस्टिंग, म्हणजे मेलची पेटी त्यांच्याच सर्व्हरवर. ‘नवीन कॉम्प्युटर घ्या’ असं कृपा करून सांगू नका. कटिंग मशीनचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर आहे, मागे हिरवा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्लीसारखी खुंटी) लागतो आणि नवीन विंडोजवर ते चालत नाही. तीन जणांना दाखवून झालंय.

निखिल_खारघर · शुक्रवार, सकाळी ११:४२

अँटीव्हायरस आणि फायरवॉल बंद करून बघा. नाहीतर मेट्रोच्या खोदकामात केबल तुटली असेल, तीन हात नाक्याच्या बाजूला आमच्या क्लायंटचं नेट सारखं जातं.

आणि सरळ जीमेलवर या ना, कशाला हा व्याप.

दाणाबंदर · शुक्रवार, दुपारी १२:३०

मलाही सेम त्रास. वाशी मार्केटला पेढी आहे, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये जीमेल. नवीन कॉम्प्युटरवर टाकलं तर पासवर्ड चुकीचा म्हणतो, ब्राउझरमध्ये तोच चालतो. ताईंच्या उत्तराबरोबर माझंही सांगून टाका कुणीतरी.

ऐरोलीकर · शुक्रवार, दुपारी ३:०५

ताई, रागवायचं काय त्यात. मी नोकरीची बावीस वर्षं सर्व्हर रूमच्या थंडीत काढली, तिथे डिग्रीवाले याहून भयंकर करायचे.

आधी दाणाबंदरशेठ, तुमचं दुखणं वेगळं आहे. गुगलनं ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ आहे, तिथे ‘ओऑथ२’ निवडा, म्हणजे पासवर्ड प्रोग्रॅमला न देता गुगललाच देऊन परवानगी घ्यायची. गुगलची खिडकी उघडेल, तिथे नेहमीचा पासवर्ड द्या. प्रोग्रॅम फार जुना असेल तर गुगल खात्यात टू-स्टेप (दोन टप्प्यांची पडताळणी) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड (प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा आणि तो वापरा. मायक्रोसॉफ्टच्या घरगुती आउटलुक आणि हॉटमेल खात्यांचंही १६ सप्टेंबर २०२४ पासून असंच आहे. तिथे तर ॲप पासवर्डही चालत नाही, ओऑथच लागतं.

आता ताई, तुमचं. वेबमेल चालतंय याचा अर्थ तुमची पेटी शाबूत आहे आणि पासवर्ड खरा आहे, एवढाच. आउटलुक त्या दारानं आत जातच नाही.

एकाच कॉम्प्युटरवर क्रोम चालतं आणि आउटलुक नाही, याचं कारण असं. सर्व्हरशी बोलताना बोलणं कुलूपबंद करायची जी पद्धत असते ती टीएलएस. क्रोम सर्व्हरशी बोलायची ही सामग्री स्वतःबरोबर घेऊन येतो, घरून डबा आणल्यासारखी. आउटलुक विंडोजच्या कँटीनवर अवलंबून. विंडोज ७ च्या कँटीनमध्ये टीएलएस १.२ (नवी आवृत्ती) शिजतं, पण मूळ स्थितीत ते बंद ठेवलेलं असतं, आउटलुकला मिळतं ते १९९९ सालचं १.०. ते १.० आणि त्यानंतरचं १.१, दोन्ही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. तुमच्या होस्टिंगवाल्यानं आत्ता बुधवारी सर्व्हर बदलला असणार किंवा जुनं टीएलएस बंद केलं असणार. त्यांचा एखादा मेल आला होता का, जरा आठवा.

पासवर्डच्या चौकटीचं सांगतो. ११० वर ‘नन’ म्हणजे पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवणं. सर्व्हर म्हणतो, उघड्यावर दिलेला पासवर्ड मी घेत नाही, मग तो खरा असो की खोटा. आउटलुकला नकाराचा एकच अर्थ कळतो, पासवर्ड चुकला. म्हणून चौकट. वीस काय, दोनशे वेळा टाकलात तरी तेच. ते सेटिंग आधी परत ९९५ वर न्या.

पंधरा दिवसांच्या मेलचं: काही उडालेलं नाही. तुमचं खातं पॉप पद्धतीचं आहे. पॉप म्हणजे पोस्टमननं पत्र घरी आणून टाकायचं. आउटलुक २०१० मध्ये मूळचीच खूण असते, की सर्व्हरवर प्रत ठेव पण १४ दिवसांनी काढून टाक. म्हणून वेबमेलमध्ये दोन आठवड्यांचेच दिसतात. पाठवलेले मेलही पॉपमध्ये फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर राहतात, वेबमेलला त्यांचा पत्ता नसतो. तुमचा अकरा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार त्या एका कॉम्प्युटरवर एका पीएसटी फाइलमध्ये आहे. उद्या गेलात की बाकी काहीही करण्याआधी आउटलुक बंद करा, डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ नावाचा फोल्डर शोधा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा. खातं डिलीट करू नका. हे मी दोनदा लिहितो: खातं डिलीट करू नका.

निखिल, अँटीव्हायरसचं अगदीच चूक नाही. काही अँटीव्हायरस मेलच्या मधे बसून स्वतःचं प्रमाणपत्र (सर्व्हर दाखवतो ते ओळखपत्र) दाखवतात. पण पाच मिनिटं बंद करून पाहायचं आणि परत चालू करायचं. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर फुकट अपडेट नाहीत, त्यात अँटीव्हायरसही काढून ठेवलात तर अंगात सदरा नसताना पावसात उभं राहिल्यासारखं.

निखिल_खारघर · शुक्रवार, दुपारी ३:२०

मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) टीएलएस १.२ ऑन करून द्या की. दोन नोंदी टाकायच्या, काम झालं.

ऐरोलीकर · शुक्रवार, दुपारी ३:३१

होतं तसं, मीही केलंय. पण ज्या कॉम्प्युटरवर कटिंग मशीन आणि डोंगल चालतो त्याच्या रजिस्ट्रीत फोनवरून सांगून कुणाला हात घालायला लावणार नाही. मेल बंद पडलं तर वेबमेल आहे. मशीन बंद पडलं तर काय आहे?

गाळेवाली · शनिवार, दुपारी १२:१५

ऐरोलीकर काका, तुम्ही म्हणालात तो मेल आला होता! तीन आठवड्यांपूर्वी. इंग्रजीत, ‘महत्त्वाची सूचना, तुमचं मेल खातं नवीन सर्व्हरवर नेत आहोत’. मला वाटलं फसवणुकीचा आहे, रोज तसे येतात, मी उडवला. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये सापडला.

फाइल उतरवली. ९ जीबी आहे. पेन ड्राइव्ह लहान पडला, समोरच्या दुकानातून मोठा आणला.

पण आता नवीनच. सकाळी साडेनऊला गाळा उघडला तेव्हा वेबमेल व्यवस्थित चालू होतं, तीन मेलना उत्तरंही दिली. अकराच्या सुमारास तेही बंद! क्रोम नुसता फिरत राहतो आणि मग सांगतो, साइट उत्तर देत नाही. बाकी सगळ्या साइट चालू. जीएसटीचं पोर्टलसुद्धा चालू, म्हणजे बघा. मी काही केलेलं नाही, शपथ. माझ्या मोबाइलवर वायफाय बंद केलं की वेबमेल उघडतं. वायफायवर आलं की नाही.

ऐरोलीकर · शनिवार, दुपारी १२:४०

वायफायचं पाहिलंत हे उत्तम केलंत, त्यातच उत्तर आहे. मोबाइलच्या नेटवर चालतं आणि गाळ्याच्या नेटवर नाही, म्हणजे सर्व्हरनं तुमच्या गाळ्याचा आयपी पत्ता (तुमच्या नेट जोडणीचा नंबर) अडवलाय. एकाच पत्त्यावरून लागोपाठ चुकीचे पासवर्ड आले की सर्व्हरचा रखवालदार त्या पत्त्याला दारच बंद करतो. मग खरा पासवर्ड असलेला माणूसही बाहेर.

सकाळी साडेनऊला चालत होतं आणि अकराला नाही. काल दिवसभर गाळा बंद, लाइट बंद, राउटर बंद. आज सगळं सुरू झालं आणि दीड तासात दार बंद. म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी किंवा काहीतरी सकाळपासून दर थोड्या वेळानं जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावतंय. तुम्ही पासवर्ड गुरुवारी सहाला बदललात. हा मेल आयडी अजून कशाकशावर टाकलेला आहे? भावाचा फोन, लॅपटॉप, घरचा कॉम्प्युटर, जुना बंद ठेवलेला फोन?

राउटर बंद-चालू केलात तर कदाचित नवा आयपी मिळेल आणि तासभर बरं वाटेल, पण ठोठावणारा सापडेपर्यंत परत तेच.

गाळेवाली · शनिवार, दुपारी २:५०

सापडला!!

भावाचा फोन बघितला, त्यावर मेल नाही. लॅपटॉप नाही. मग जेवताना सहज बोलले तर आमचे सुपरवायझर मामा म्हणाले, “तो टॅब सकाळपासून टुंग टुंग करतोय, मी पुसून टाकतो.” प्रेसच्या शेजारी खांबाला एक टॅब लटकवलेला आहे, ड्रॉइंग बघायला. ग्रीस लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर बँड लावून. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं त्यावर मेल टाकून दिला होता, मी विसरूनच गेले. पिशवीवरून बोट फिरवत वाचलं, ‘साइन इन करता आलं नाही’. खाली तसलीच सूचना, तिच्याखाली आणखी एक. मामा बिचारे प्रत्येक वेळी अंगठ्यानं बाजूला सारत होते. त्यांना वाटलं बॅटरीचं काहीतरी.

आणि मला दुसरंच आठवून कसंतरी झालं. सुधारित ड्रॉइंग बुधवारी या टॅबवर आलेलंच होतं! आउटलुक बंद होतं, टॅब चालू होता. मामांना कुणी सांगितलंच नव्हतं की मेल आला की उघडायचा. ते आपले कागदी प्रिंटची वाट बघत होते, प्रिंट मी काढते.

टॅबवरून खातं काढलं. आता पुढे काय करू? आउटलुक अजून बंदच आहे.

ऐरोलीकर · शनिवार, संध्याकाळी ५:३०

शाब्बास. आता क्रमानं करू.

गाळ्याच्या वायफायवरून गुगलमध्ये ‘माझा आयपी काय आहे’ असं शोधा. येणारा आकडा होस्टिंगवाल्याला तिकिटात लिहून कळवा, ‘हा पत्ता अडवला गेलाय, मोकळा करा’. बरेचदा काही वेळानं आपोआपही सुटतो. तोपर्यंत ऑफिसच्या कॉम्प्युटरला फोनची चार्जिंगची वायर लावा, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या नेटवर येईल. राउटरची वायर त्या वेळी काढून ठेवा, नाहीतर तो जुन्याच वाटेनं जायचा.

मग थंडरबर्ड टाका. क्रोमसारखाच तोही आपला डबा घरून आणतो, टीएलएस १.२ त्याचं स्वतःचं. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ११५ आहे, तीच घ्या, त्यानंतरची चढणार नाही. कायमचा उपाय नाही हा, पण डोंगल आहे तोवर चालेल.

खातं टाकताना आयमॅप निवडा, पॉप नको; आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळीकडे तेच दिसतात. पोर्ट ९९३, सुरक्षा ‘एसएसएल/टीएलएस’. पाठवण्यासाठी पोर्ट ४६५, तीच सुरक्षा. ४६५ न चालल्यास ५८७ आणि ‘स्टार्टटीएलएस’. पोर्ट २५ च्या वाटेला जाऊ नका, नेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या ते अडवतात. दोन्हीकडे युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी लिहा, ॲटच्या पुढचं डोमेनसुद्धा. निम्मे लोक इथेच अडकतात.

सर्व्हरचं नाव जुन्या आउटलुकमधून बघून लिहू नका. वेबमेलमध्ये ‘कनेक्ट डिव्हायसेस’ किंवा तशा नावाचं पान असतं, तिथे नवं नाव दिलेलं असेल. जुनं लिहिलंत तर थंडरबर्ड सांगेल की प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही, आणि अपवाद करू का म्हणून विचारेल. करू नका. नाव दुरुस्त करा.

आउटलुक काढू नका. त्यातलं खातं फक्त आपोआप मेल आणायचं थांबवा आणि ते जुन्या फायलींच्या कपाटासारखं राहू द्या, जुनं काही बघायचं तर उघडायचं. ती ९ जीबी आयमॅपमध्ये ओढायचा मोह होईल. वेबमेलच्या कोपऱ्यात तुमचा कोटा (सर्व्हरवर मिळालेली जागा) दिसतो, तो आधी बघा. पेटी काठोकाठ भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जायला लागतात, आणि ते तुम्हाला कळतही नाही, पार्टीला कळतं.

दाणाबंदर · शनिवार, रात्री ८:१०

ओऑथनं माझं झालं. धन्यवाद. खिडकी आली, पासवर्ड दिला, चालू.

गाळेवाली · सोमवार, सकाळी १०:३५

चालू झालं. कोटा २ जीबीचाच निघाला, बरं झालं ओढाओढ केली नाही. प्रमाणपत्राची चौकट आलीच होती, कारण मी सवयीनं जुनंच नाव लिहिलं. नवं लिहिल्यावर मुकाट्यानं आत गेला.

एक अडचण आली ती इतरांसाठी लिहून ठेवते. थंडरबर्डमधून मेल जात होता, पण ‘सेंटमध्ये प्रत ठेवता आली नाही’ असं म्हणून लटकत होता. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ असं काहीतरी आहे, तिथे प्रत भलत्याच फोल्डरात ठेवायला सांगितलेलं होतं. वेबमेलमधला ‘सेंट’ दाखवून दिला आणि आता पाठवलेला मेल दोन्हीकडे दिसतो. रबाळ्याच्या पार्टीला नवीन तारीख कळवली, तोच मेल वेबमेलमध्ये उघडून भावाला दाखवला. त्यानं मान डोलावली. ४०० नग बाजूला ठेवलेत, ४४ चं गिऱ्हाईक कधीतरी येईल म्हणतो.

टॅबवर मेल परत टाकला, नव्या पासवर्डनं, आणि यावेळी मामांना शेजारी बसवून दाखवलं की ड्रॉइंग आलं तर कसं उघडायचं. ते ऐकून घेतात, पण आज सकाळी मला येऊन विचारत होते, “तो टॅब आता वाजत नाही, बिघडला का?”